मासे बघून पाणी

“दिसतात का गं?”

“दिसतात.”

“नीट बघ. पोट वर करून नाही ना कुणी?”

“नाही, पळतायत. सासूबाई तर माझ्याकडेच बघतायत.”

एवढा निर्वाळा मिळाला, की कारखान्याच्या गजांबाहेर थांबलेल्या बायका कळश्या सावरत उताराला लागत. पुढे गेलेली एखादी वळणावरून हात हलवी. मग खालच्या वस्तीत ओढ्याकाठचे पाट उघडले जात, भाजीच्या वाफ्यांत पाणी शिरे, गुरं प्यायला सोडली जात, पोरांच्या अंघोळी सुरू होत. रोज सकाळी हेच. वस्तीत घड्याळं होती, रेडिओ होते, एका बहाद्दराकडे तर दुर्बीण होती. पण पाण्याच्या बाबतीत विश्वास फक्त माशांवर. आधी मासे बघायचे, मग पाणी घ्यायचं.

गजांना नाक लावून उभी असलेली पोर ही मासेमामाची नात. आणि आत हौदाच्या कठड्यावर बसून खाणं टाकणारा, निळ्या हातांचा म्हातारा म्हणजे मासेमामा.

त्या हातांचं आधी सांगायला हवं. मामाने उभी हयात कापड रंगवायच्या टाकीवर काढली. निळा रंग मनगटापर्यंत असा मुरला की साबण हरले, रॉकेल हरलं. असं म्हणतात, की त्याने एकदा रागाच्या भरात मेव्हण्याच्या थोबाडीत दिली, तर मेव्हणा आठवडाभर निळा गाल घेऊन गावभर फिरत होता. यातलं अर्धं खरं आहे. निदान मेव्हणा तरी खरा आहे. टाकीच्या वाफेने हातांना रंग दिला आणि बदल्यात नाक नेलं. गुलाब आणि गटार मामाला एकच. बायको होती तोवर भाजी करपली की तीच ओरडायची, ती गेल्यावर करपलेलं तो मुकाट खायचा आणि वर म्हणायचा, “झकास झालंय.”

अशा माणसाला टाकीवरून काढून माशांवर बसवलं, कारण कारखान्यात विकास आला होता.

विकास आला तो पाटीवरून. फाटकावर हिरव्या अक्षरांत ‘शाश्वत विकासाचे भागीदार’ अशी पाटी लागली. मोठे साहेब कामगारांसमोर उभे राहून म्हणाले, की देश गरीब आहे, सरकार कुठे कुठे पुरणार, तेव्हा आता आपल्यासारख्या खासगी कंपन्यांनीच खांदा द्यायला हवा. नफाही हवा, नदीनालेही हवेत. टाळ्या पडल्या. साहेब खोटं बोलत नव्हते. वस्तीतला दवाखाना कंपनीने बांधला, रस्त्यावरचे दिवे कंपनीने लावले, शाळेतली बाकंही कंपनीचीच. सरकारी नळाला तर कित्येक वर्षांत फक्त हवा यायची, आणि तीही सणकून.

“शाश्वत म्हणजे काय हो?” पाटी वाचून फाटकावरच्या वॉचमनने मामाला विचारलं होतं.

“कायमचं टिकणारं.”

“मग आपल्या नोकऱ्या का दर वर्षी नव्याने लागतात?”

“त्या विकासात येत नाहीत. त्या नुसत्या नोकऱ्या.”

पाटीबरोबर रंगाचं पाणी साफ करणारा प्लांट आला. खोटा नव्हे, खराखुरा. त्यात हवा मारणारी दोन मोठी यंत्रं दिवसरात्र घरघरत. साफ झालेलं पाणी जमिनीखालच्या जाड पाइपातून थेट ओढ्यात जाई. त्या पाइपाचा एक बारीक फाटा काढून फाटकाजवळच्या हौदात सोडला होता आणि हौदात मासे. म्हणजे जे पाणी ओढ्यात, तेच माशांना. पाहुण्यांनी यावं, मासे बघावेत, खूश होऊन कापडाची ऑर्डर द्यावी.

मामाला हे काम म्हणजे म्हातारपणी फुटलेली पालवी वाटली. त्याने एकेका माशाचं बारसं केलं. सतत तोंड उघडं ठेवून वर येणारा तो पुढारी. पोट सुटलेला तो खजिनदार. दिवसा तळाशी झोपा काढणारा रात्रपाळी. आणि केशरी अंगाची, पांढऱ्या डोक्याची, बाकीच्यांना कोपऱ्यात दाबणारी ती सासूबाई. मामाची पावलं कठड्यावर वाजली की सगळी मंडळी त्या बाजूला गोळा होत. मामा तर शपथेवर सांगे, की पगाराच्या दिवशी खजिनदार आपोआप वर येतो आणि सुट्टीच्या दिवशी पुढाऱ्याला कुणी ऐकायला नसल्याने जेवण जात नाही.

आणि अशातच मासे मरायला लागले.

पहिला गेला रात्रपाळी. तो झोपलाय असं समजून मामाने त्याला दुपारपर्यंत उठवलंही नाही. मग आणखी दोन. उरलेले पाण्याच्या वर तोंड काढून आ वासायला लागले, दम्याच्या पेशंटसारखे. मामाने जाळ्याने मेलेले काढले, डब्यात घातले, वर झाकण लावलं आणि बाजारात जिवंत मासे विकणाऱ्या बाईकडे गेला.

“पुन्हा आलात? काय माशांची खानावळ काढलीय का?” बाई म्हणाली.

“सांभाळायला नेतोय.”

“सांभाळायला? मामा, माझ्याकडचे मेलेलेच न्या. स्वस्तात देते. तुमचं काम वाचेल.”

मामाला हसू आलं नाही. प्लांटमध्ये सांगावं तर तिथला ऑपरेटर म्हणे, “उन्हाळा आहे मामा, माणसं मरतायत, माशांचं काय घेऊन बसलात.” साहेबांना सांगावं तर त्यांनी मामालाच उठवून कुणी तरुण बसवला असता. मग मामाने तेच केलं जे कुणीही मायाळू माणूस करील. हौदाशेजारून कँटीनच्या पिण्याच्या पाण्याची लाइन जात होती. तिला त्याने रबरी पाइप जोडला, प्लांटकडून येणाऱ्या फाट्याचा नळ आवळून बंद केला, आणि पाइपाचं तोंड पाण्यात बुडवून वर चार झाडांच्या कुंड्या मांडल्या.

दुसऱ्या दिवशी सासूबाई कोपरा सोडून सगळ्या हौदाची तपासणी करायला निघाल्या. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण चार जीव वाचवले, यापलीकडे त्याच्या मनात काही आलं नाही. पाण्याचा वास त्याला येत नव्हता, आणि ओढ्यात काय जातं ते जमिनीखालून जात होतं.

आता गंमत बघा. कंपनीत पर्यावरणाचं काम बघणाऱ्या एक तरुण मॅडम होत्या. शिकलेल्या, प्रामाणिक, कुणाला ‘अरे-तुरे’ न करणाऱ्या. पाण्याचा नमुना घ्यायची जागा आधीपासून ठरलेली होती, ती म्हणजे हौद. त्या बाटली बुडवून न्यायच्या आणि प्रयोगशाळेत तपासायच्या. मामाच्या पाइपानंतरचा आकडा बघून त्या स्वतः हौदावर आल्या.

“मामा, पाणी इतकं सुंदर कधीच नव्हतं! पिऊन टाकावं असं वाटतंय.”

“माशांची कृपा, मॅडम,” मामा म्हणाला. त्याला वाटलं, मासे ठणठणीत दिसतात म्हणून मॅडम खूश आहेत.

आकडा वर, साहेबांकडे गेला. वर बसलेल्यांनी विचार केला, की पाणी गरजेपेक्षा जास्तच साफ होतंय, मग दोन यंत्रं कशाला? एक बंद केलं. विजेची बचत झाली. वीज वाचवणं हाही शाश्वत विकासच, तेव्हा त्याचंही एक प्रशस्तिपत्र आलं आणि काचेच्या चौकटीत गेलं. शेजारी मामाचा फोटो लागला, हातात जाळं, मागे हौद. फोटोत हात निळे दिसू नयेत म्हणून त्याला पांढरे मोजे घालायला लावले होते. लांबून तो ट्रॅफिक पोलीस वाटे.

त्या सुमाराला ओढ्यावरचे बेडूक गप्प झाले.

ते कधी गप्प झाले हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. ओरडणारं थांबलं की माणसाला बरंच वाटतं. मग बगळे यायचे राहिले. मग एका सकाळी पाण्यावर फेस दिसला, पांढरा, मऊ. पोरांनी त्याचे टोप करून डोक्यावर घातले आणि नाचली. म्हशीला गर्भ टिकेना. मामाच्या जावयाच्या मळ्यातली पालेभाजी मात्र अशी तरारली की पानं पॉलिश केल्यासारखी चमकत. बाजारात ती हातोहात जाई. जावई घरी ती खात नसे. का खात नाहीस विचारलं तर म्हणे, “विकायचं ते विकायचं.” पण त्याचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा नसे.

मामाची लेक एकदा डबा घेऊन हौदावर आली. डबा ठेवला आणि वाकून बराच वेळ मासे बघत राहिली.

“काय बघतेस? नवीन नाहीत कुणी.”

“बाबा, ओढ्याला कसलासा वास येतो.”

“कसला?”

“तुम्हाला सांगून काय उपयोग? तुमचं नाक म्हणजे घराची बंद खिडकी.” ती हसली, मग पुन्हा हौदाकडे बघून म्हणाली, “पण मासे चांगले आहेत. म्हणजे पाणी चांगलंच असणार. माझंच डोकं फिरलंय.”

मामाने मान डोलावली. कुंड्यांमागे कँटीनचं पाणी झुळझुळत होतं. त्या वेळी त्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि ते काय, हे त्याने आठवायचं टाळलं. माणसाला हे छान जमतं.

ते त्याच्यापुढे येऊन उभं राहिलं कंपनीच्याच दवाखान्यात.

नातीचे हात सोलायला लागले होते, म्हणून लेक तिला घेऊन आली होती. मामा जेवणाच्या सुट्टीत तिथे गेला. बाकावर वस्तीतल्या बायका पोरांना घेऊन दाटीने बसलेल्या. सगळ्या पोरांचे हात वर धरलेले, वाळत घातल्यासारखे. नर्स मलम लावत होती. मलमही कंपनीचंच, फुकट.

“ओढ्याच्या पाण्यात खेळते का ही?” नर्सने विचारलं.

“खेळते, अंघोळ करते, सगळंच त्या पाण्यावर.”

“मग ते थांबवा काही दिवस.”

“पाण्याचं नाही हो सिस्टर,” लेक ठासून म्हणाली. “आम्ही काय आंधळेपणाने पाणी घेतो? रोज मासे बघतो, मग घेतो. हिलाच पाठवते. आणि मासे कुणाच्या हातात आहेत? हे काय, माझे वडील. यांनी सांगितलंच असतं की.”

बाकावरच्या बायकांनी मामाकडे बघून माना हलवल्या. किती विश्वासाने! नातीने सोललेला हात पुढे केला.

“आजोबा, तुमच्यासारखे झाले. फक्त लाल.”

मामाने आपले निळे हात पाठीमागे नेले. जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तरी तो तिथेच उभा होता.

त्याच दुपारी तो मॅडमच्या खोलीत गेला आणि उभ्या उभ्याच सगळं बोलला. कँटीनची लाइन, रबरी पाइप, आवळलेला नळ, कुंड्या. मॅडमनी आकड्यांची वही पुढे ओढली.

“मी ज्या पाण्यावर सगळं मोजलं...” त्या म्हणाल्या.

“ते कँटीनचं होतं, मॅडम.”

“आणि आपण त्यावर एक यंत्र बंद केलं.”

“ते मला कुणी सांगितलं नाही.”

दोघंही साहेबांकडे गेले. साहेबांनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी मामाला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि दार लावून घेतलं.

“मामा, परवा पाहुणे येतायत. परदेशातले. त्यांना हिरवं कापड हवंय, म्हणजे रंगाने नव्हे, मनाने हिरवं. ऑर्डर मिळाली तर नवा प्लांट, दुप्पट मोठा. वस्तीला नळ. मी शब्द देतो.”

“आणि ते बंद ठेवलेलं यंत्र?” मॅडमनी विचारलं.

“बंद ठेवून गंजलंय, मॅडम. दुरुस्तीला महिना जाईल. तोवर कारखाना थांबवू? थांबवला तर पाहुणे कशाला येतील? आणि ते नाही आले तर दुरुस्तीला पैसा कुठून आणू?” साहेबांनी मामाकडे वळून हात जोडले. खरंच जोडले. “परवापर्यंत तो पाइप चालू राहू दे. बस. तुमच्या नातीसाठीच म्हणतोय मी.”

मामाने चहा संपवला. चहाला वास असता तर कदाचित तो थोडा वेळ आणखी बसला असता.

“बरं साहेब,” तो म्हणाला.

घरी गेल्यावर त्याने लेकीला सांगितलं, की ओढ्याचं पाणी घेऊ नकोस.

“का? मासे मेले?”

“नाही.”

“मग?”

“मी सांगतो म्हणून.”

तिने ऐकलं, शेजारणींनाही सांगितलं. पण वस्ती काय एका लेकीची होती? बाकीच्यांनी दुसऱ्या सकाळी गजांतून बघितलं. सासूबाई ऐटीत फिरत होत्या. म्हाताऱ्याचं वय झालं, असं म्हणत त्यांनी कळश्या भरल्या.

पाहुणे आले तो दिवस लख्ख होता. फाटकावर फुगे, हौदाभोवती स्वच्छ चुना. मामाला पुन्हा ते पांढरे मोजे दिले. पाहुण्यांच्या गाड्या वळणावर दिसल्या, वॉचमनने सॅल्यूटसाठी कंबर ताठ केली, तेव्हा मामा कुंड्यांमागे वाकला. त्याने रबरी पाइप उपसून बाहेर टाकला आणि फाट्याचा नळ पूर्ण उघडला. पाणी खोकत, थांबत, मग जोराने आलं. तांबूस होतं.

मग तो कठड्यावर येऊन उभा राहिला. त्याची पावलं वाजली, आणि मासे नेहमीसारखे त्याच्या बाजूला गोळा झाले. त्यांना वाटलं, खायला मिळणार.

साहेब बोलत होते. दुभाषी बोलत होता. देश, भागीदारी, पुढच्या पिढ्या. पुढारी सगळ्यांत आधी वर आला आणि तोंड उघडून राहिला. मग खजिनदार कलला. पाहुण्यांतली एक बाई कॅमेरा डोळ्याला लावून होती; तिने तो हळूच खाली घेतला. सासूबाईंनी हौदाला एक पूर्ण फेरी मारली, रागावल्यासारखी, दुसरी अर्धी मारली, आणि मामाच्या पायाशी येऊन आडव्या झाल्या. त्यांचं पोटही केशरीच होतं, हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं.

वाऱ्याने फुगे एकमेकांवर घासले जात होते, तेवढाच आवाज.

“ऊन,” साहेब म्हणाले. “या दिवसांत इकडचं ऊन फार कडक असतं.” दुभाष्याने ते सांगितलं. पाहुण्यांतला सर्वांत वयस्कर माणूस हौदाकडे बघत होता, मग त्याने आकाशाकडे बघितलं, मग घड्याळाकडे. “हो, फार कडक,” असं काहीसं तो म्हणाला असावा, कारण सगळे हसले आणि थंड पेय घ्यायला आत गेले. मॅडम तेवढ्या गेल्या नाहीत. त्यांनी पर्समधून रिकामी बाटली काढली, फाट्याच्या नळाखाली भरली, घट्ट बंद केली आणि त्या फाटकातून चालत बाहेर पडल्या. त्या पुन्हा कारखान्यात दिसल्या नाहीत. बाटली कुणाच्या टेबलावर पोचली, तेही कळलं नाही.

मामाने मोजे काढले, माशांना एकेक करून जाळ्याने उचललं आणि कँटीनमागच्या झाडाखाली पुरलं. त्या दिवशी त्याला कुणी रागावलं नाही. दुसऱ्या दिवशी वॉचमनने त्याला फाटकातच थांबवलं.

“मामा, तुम्हाला विश्रांती द्यायचं ठरलंय.”

“कोणी ठरवलं?”

“मला काय विचारता? मीही नुसती नोकरीच करतो.” तो मामाच्या डोळ्यांकडे बघत नव्हता.

ऑर्डर मिळाली. नव्या प्लांटचा पाया खणला गेला. आणि एका सकाळी मासे विकणारी बाई टेंपोतून स्वतः आली. तिने हौदात नवे मासे सोडले. काळे, मिशांचे, चिकट, तळाशी एकमेकांवर वेटोळी घालून राहणारे.

“हे काय गं?” वॉचमनने विचारलं.

“ही जात भारी आहे. चिखलात टाका, तेलात टाका. हिला काही होत नाही.”

तेव्हापासून मामा रोज सकाळी गजांबाहेर येऊन उभा राहतो. आत जायची त्याला बंदी आहे. बाहेरचा रस्ता सगळ्यांचा. गजांना पाठ लावून तो दोन्ही हात पसरतो, निळे हात, आणि बायका आल्या की म्हणतो, “बघू नका. हे मासे बघू नका. वरच्या धरणावर जा.”

वरचं धरण डोंगर चढून आहे. त्याची लेक जाते. पहाटे निघते, ऊन चढता येते, मागे नात, हातांना फडकं गुंडाळलेली. त्या दोघी समोरून जातात तेव्हा नात आजोबांना हाक मारत नाही. चढ आहे, दम पुरत नाही.

बाकीच्या बायका मामाशी वाद घालत नाहीत. म्हातारा आहे, नोकरी गेली, मासे उन्हाने गेले. त्या थोडा वेळ आदराने थांबतात, त्याचं ऐकून घेतात. मग त्यांतली एखादी आपल्या पोराला उचलून मामाच्या खांद्यावरून वर धरते.

“दिसतात का रे?”

“दिसतात.”

“नीट बघ.”

“सगळे जिवंत आहेत.”

मामाचे हात तसेच पसरलेले असतात. कळश्या त्याच्या दोन्ही बाजूंनी उताराला लागतात.